इंजिनाचे वंगण : निवड आणि धुलाई

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. स्पोर्ट्स कारच्या इंजिनात कोणते तेल घालावे आणि ते इंजिन आतून धुवावे की धुऊ नये, असा हा विषय आहे. "आमच्या गावाला धड रस्ता नाही, तिथे स्पोर्ट्स कार कुठून यायची?" असे कोणी म्हणेल, तर ते रास्तच आहे. पण बैलाची परीक्षा गोठ्यात होत नाही, भरली गाडी ओढत चढ चढताना होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेलाचेही तसेच आहे. त्याची खरी परीक्षा स्पोर्ट्स कारच्या इंजिनात होते. तिथे जो विचार कसाला उतरला, तो तुमच्या मोटारसायकलला, ट्रॅक्टरला आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही उपयोगी पडतो.

मी स्वतः यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण तेलाच्या बाबतीत तीन समज आपल्याकडे इतके पक्के बसले आहेत की, ते तपासायला तर्कशास्त्रही कामाला यावे. पहिला समज असा की, तेल जितके दाट तितके चांगले. दुसरा असा की, जितके नवे आणि महाग तितके चांगले. आणि तिसरा असा की, तेल काळे झाले म्हणजे इंजिन आतून घाण झाले, ते एकदा खळखळून धुतलेच पाहिजे. हे तिन्ही समज आज आपण एकेक करून पाहू.

आधी तेल करते काय, ते पाहू. बैलगाडीच्या आसाला वंगण दिले नाही तर चाक कुरकुरते आणि आस झिजतो. इंजिनात हीच गोष्ट फार वेगाने घडते. शेतावरचे साधे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन मिनिटाला साधारण १,५०० फेरे घेते. होंडा कंपनीने १९९९ साली एस२००० नावाची स्पोर्ट्स कार काढली. तिचे इंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत जात असे. म्हणजे सेकंदाला दीडशे फेरे! आपण 'एक' म्हणेपर्यंत प्रत्येक पिस्टन दीडशे वेळा खाली जाऊन वर आलेला असतो.

एवढ्या वेगात लोखंड लोखंडाला घासले, तर इंजिन काही क्षणांत जॅम होईल. पण ते घासत नाही. फिरणारा क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पातळसा पापुद्रा असतो. आपल्या डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक. शाफ्ट फिरू लागला की तेल त्याच्याबरोबर ओढले जाऊन फटीत घुसते, आणि शाफ्ट त्या तेलावर अक्षरशः तरंगतो. पावसाळ्यात भरधाव गाडीचे चाक रस्त्यावरच्या पाण्यावर चढते आणि गाडी घसरते, हे आपण ऐकले असेल. तिथे जे अपघाताला कारण होते, तेच इथे इंजिनाला तारते.

तेलाची कामे एवढ्यावर संपत नाहीत. ते उष्णता वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांतली बारीक फट बुजवते. आतल्या भागांना गंज चढू देत नाही. जळण्यातून जी काजळी निघते, ती स्वतःमध्ये धरून ठेवते आणि इंजिनाच्या अंगाला बसू देत नाही. हे शेवटचे काम ध्यानात ठेवा. पुढे धुलाईच्या वेळी त्याची आठवण काढायची आहे.

आता डब्यावरचे आकडे पाहू. डब्यावर १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे काहीतरी छापलेले असते. त्यातले 'डब्ल्यू' हे अक्षर वजनाचे आहे असे पुष्कळ जण समजतात. ते 'विंटर' या शब्दाचे, म्हणजे हिवाळ्याचे आहे. ही पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने घालून दिली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला. १०डब्ल्यू म्हणजे उणे २५ अंश सेल्सियसच्या थंडीतही इंजिन फिरू शकेल इतके ते तेल पातळ राहते. १५डब्ल्यूची हीच मर्यादा उणे २० अंश आहे, आणि २०डब्ल्यूची उणे १५. मागचा ३०, ४०, ५० हा आकडा ठरवताना तेल १०० अंशांपर्यंत तापवतात आणि ते किती दाट राहते ते मोजतात. आकडा मोठा, तर तापल्यावरचे तेल अधिक दाट.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींत अर्ध्याहून थोडे अधिक एकच तेल भरा. प्रत्येकीत एकेक खेळायची गोटी टाका आणि बुचे घट्ट लावा. एक बाटली गार पाण्यात ठेवा, दुसरी सोसेल इतक्या गरम पाण्यात. दहा मिनिटांनी दोन्ही एकदम उलट्या करा. गरम तेलातली गोटी झरकन खाली येईल, गारातली सावकाश उतरेल. मुलांना विचारा, "तेल तर एकच आहे, मग फरक का पडला?" थंडीत न ओघळणारी काकवी चुलीजवळ ठेवली की धार धरते, हे खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. उत्तर तेच देतील. मग त्यांना सांगा की, एका डब्यावर दोन आकडे का असतात, त्याचे कारणही हेच. थंडीत फार दाटू नये आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये, अशी दुहेरी शर्त त्या तेलाला पाळावी लागते.

आता पहिल्या समजाकडे वळू. दाट तेल ते चांगले तेल, हे खरे का? तीन स्पोर्ट्स कार घेऊ. पहिली मघाची होंडा एस२०००. ९,००० फेऱ्यांचे तिचे इंजिन, म्हणजे तिला सगळ्यांत दाट तेल लागत असेल असे वाटेल. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या गाडीच्या पुस्तिकेत तेल सांगितले आहे १०डब्ल्यू-३०, म्हणजे अगदी साधे, मध्यम. दुसरी गाडी बीएमडब्ल्यू कंपनीची एम३, २००० ते २००६ या काळात बनलेली. तिचे ३.२ लिटरचे इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत जाई, आणि तिला लागे १०डब्ल्यू-६०, भलतेच दाट. तिसरी गाडी टोयोटा ८६, टोयोटा आणि सुबारू या दोन कंपन्यांनी मिळून २०१२ साली काढलेली. तिचे इंजिन ७,४०० फेऱ्यांपर्यंत जाते, आणि तिला सांगितले आहे ०डब्ल्यू-२०, अगदी पातळ. १०० अंशांवर मोजले, तर एम३चे तेल टोयोटाच्या तेलाच्या जवळजवळ तिप्पट दाट भरते.

गंमत पाहा. तिन्ही गाड्या वेगवान, तिन्ही नामांकित, आणि तिघींची तेले तीन तऱ्हांची. इतकेच नव्हे, त्याच काळात बीएमडब्ल्यूने त्याच घडणीची ३३०आय नावाची गाडी विकली, तिचे तीन लिटरचे इंजिन ५डब्ल्यू-३० तेलावर चाले. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच सांगाड्याच्या दोन गाड्यांनाही एक तेल चालत नाही.

असे का व्हावे? कारण तेल हा इंजिनाचाच एक सुटा भाग आहे. बेअरिंगमधली फट किती ठेवायची, तेलाचा पंप किती मोठा बसवायचा, तेल जाण्याच्या वाटा किती रुंद ठेवायच्या, हे सगळे अभियंता एखादे ठराविक तेल मनात धरूनच ठरवतो. फट बारीक असेल तर दाट तेल तिच्यात वेळेवर शिरत नाही. फट मोठी असेल तर पातळ तेल तिथे ठरत नाही. होंडाच्या त्या इंजिनात आणखी एक युक्ती होती. सुमारे ६,००० फेऱ्यांवर झडपा उघडण्याची पद्धतच बदले, आणि ती बदलण्याचे काम तेलाच्या दाबाने होई. तेल तिथे नुसते वंगण नव्हते, तर ते हातासारखे काम करी. भलतेच दाट तेल घातले तर त्या हाताच्या हालचाली मंद होणार.

शिवाय दाट तेल ढवळायला जोर लागतो. तो जोर कुठून येणार? इंधनातून. आणि त्याची उष्णता होते ती निराळीच. चिखलात चालणाऱ्या माणसाला कोरड्या वाटेपेक्षा अधिक घाम फुटतो, तसेच हे आहे. उलट, पुस्तिकेने दाट तेल सांगितले असताना इंधन वाचेल म्हणून पातळ घालणे हेही घातकच. तात्पर्य, 'दाट चांगले' हा नियम नाही, 'पातळ चांगले' हाही नाही. ज्या इंजिनासाठी जे योजले आहे, ते चांगले. कपड्याच्या दुकानात आपण सर्वांत मोठा सदरा मागत नाही, आपल्या अंगाचा मागतो.

दुसरा समज, नवे आणि महाग ते चांगले. इथे थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा आपल्या ओळखीच्या एका वस्तूशी संबंध आहे. ती वस्तू म्हणजे एरंडेल. लहानपणी नाक दाबून ज्यांनी एरंडेल प्यायले असेल, त्यांना हे ऐकून बरे वाटेल की, शर्यतीच्या मोटारी आणि पहिल्या महायुद्धातील विमानांची इंजिने याच तेलावर चालत. एरंडेल फार चिवट असते. मोठ्या दाबाखालीही त्याचा पापुद्रा तुटत नाही, आणि पेट्रोलमध्ये ते सहजी मिसळत नाही. इंग्लंडात चार्ल्स वेकफील्ड याच्या कंपनीने १९०९ साली एरंडेलाचा अंश असलेले तेल काढले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले. आज जगातला सर्वांत अधिक एरंडी भारतात, विशेषतः गुजरातेत पिकतो. पण एरंडेलात एक मोठा दोष होता. तापून तापून ते चिकट बने आणि आत डिंकासारखे साचे. म्हणून शर्यत संपली की ते काढून टाकावे लागे. रोजच्या वापराला ते निरुपयोगी होते.

पुढे खनिज तेलात निरनिराळी द्रव्ये मिसळून ती उणीव भरून काढण्यात आली. आणि त्यानंतर प्रयोगशाळेत घडवलेली कृत्रिम तेले आली. मोबिल १ हे तेल १९७४ साली बाजारात आले. ही सिंथेटिक तेले थंडीत लवकर वाहतात आणि उष्णतेत लवकर बिघडत नाहीत, हे खरे आहे. ज्या स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेत ती सांगितली आहेत, तिथे तीच घालावीत. पण केवळ किंमत पाहून निवड करणे चुकीचे ठरेल. त्याचे उदाहरण म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कार. इंग्लंडात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी, उघड्या टपाची गाडी बनत असे. तिच्या झडपा ढकलणारे भाग एकमेकांवर सपाट घासतात. त्यांच्या रक्षणाला तेलात जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग भरपूर लागते. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत हे संयुग मुद्दाम कमी ठेवतात, कारण धूर शुद्ध करणारे जे यंत्र नव्या गाडीच्या नळकांड्यात असते, ते फॉस्फरसने निकामी होते. म्हणजे आजचे उत्तमातले उत्तम, महाग तेल त्या जुन्या इंजिनाला अपुरे पडू शकते. तिचे जाणते धनी आजही जस्ताचे प्रमाण पाहून २०डब्ल्यू-५० घेतात.

तेव्हा आकड्यांबरोबर डब्यावरची अक्षरेही वाचावीत. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेची, म्हणजे एपीआयची अक्षरे बहुतेक डब्यांवर असतात. 'एस'ने सुरू होणारी खूण पेट्रोल इंजिनाची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. पुढचे अक्षर जितके पुढचे, तितकी कसोटी नवी. पेट्रोलसाठी एसएन २०१० साली आली, एसपी २०२० साली. डिझेलसाठी सीआय-४ ही २००२ सालची आणि सीके-४ ही २०१६ सालची. मोटारसायकलचे आणखी निराळे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलच्या तेलावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण आहे का, ते पाहावे. मोटारीतले उरलेले अर्धा लिटर तेल मोटारसायकलमध्ये ओतणे ही काटकसर नव्हे, बरे का!

आता तिसरा समज, आणि आजच्या भाषणाचा मुख्य भाग. इंजिन धुवावे का?

धुलाई म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिनात पातळ, घाण विरघळवणारे औषध जुन्या तेलातच ओततात. दहा-पंधरा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालू ठेवतात. मग सगळे तेल काढून नवे भरतात. आपल्याकडे काही मिस्त्री औषधाऐवजी सरळ डिझेल वापरतात. निघालेले तेल काळेकुट्ट असते. ते पाहून धन्याचे समाधान होते की, चला, घाण निघाली.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याकडे एकाच महिन्यात दोन टोकांकडून आला. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतो. त्याने हौसेने तीच होंडा एस२०००, वापरलेली, विकत घेतली. आधीच्या धन्याने तेल कधी बदलले, याची नोंद नव्हती. तिथल्या एका गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला की, इंजिन औषधाने धुऊन घ्या आणि स्पोर्ट्स कार आहे तेव्हा चांगले दाट तेल घाला. "सर, तुम्ही आम्हांला प्रत्येक विधानाला पुरावा मागायला शिकवलंत. इथे पुरावा कुणाकडे मागू?" असे त्याने पत्रात विचारले. आणि इकडे गावी माझ्या चुलतभावाच्या पंधरा वर्षे जुन्या ट्रॅक्टरला एका मिस्त्रीने डिझेलने धुवायचे ठरवले होते. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्यानं असाच धुतला अन् तो बसला. मी काय करू?"

शेजाऱ्याचे झाले होते असे. तो ट्रॅक्टरही जुना. तेल वर्षानुवर्षे वेळेवर बदललेले नव्हते. चेंबरच्या तळाशी आणि झडपांच्या झाकणाखाली काळा गाळ थरावर थर बसला होता. डिझेलने तो विरघळला नाही, त्याचे तुकडे सुटले. जेवढे बाहेर निघाले तेवढे निघाले, बाकीचे आतच राहिले. नवे तेल भरल्यावर दुसऱ्याच दिवशी, नांगरणी चालू असताना तेलाचा लाल दिवा लागला. चालकाला वाटले, तेल तर कालच बदलले, दिवाच बिघडला असेल. तास पुरा करेपर्यंत इंजिन ठोकू लागले आणि बसले. चेंबर उघडला तेव्हा पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, ती गाळाने लिंपून गेली होती. चेंबर तेलाने भरलेला, आणि बेअरिंगे मात्र कोरडी! क्रँक घासला, बेअरिंगे गेली. मृगाचा पाऊस पडून गेला आणि रान तसेच पडून राहिले. दुरुस्तीला काढलेले कर्ज वेगळेच.

यातले तर्कशास्त्र पाहा. काळे तेल दिसले, म्हणून इंजिन घाण, म्हणून धुवा. पहिली पायरीच चुकली आहे. मघाशी सांगितलेले तेलाचे काम आठवा. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे चांगल्या तेलाचे कर्तव्यच आहे. डिझेल इंजिनात तर नवे तेल थोड्याच तासांत काळे होते. तेल काळे झाले, याचा अर्थ इतकाच की, ते आपले काम करीत आहे. घाण तेलात तरंगते आहे तोवर ती तेलाबरोबर बाहेर जाईल. काळजी करायची ती तेलात न राहता अंगाला चिकटून बसलेल्या गाळाची, आणि तो एकाएकी सुटला तर काय होते, ते आपण आत्ताच ऐकले.

आणखी दोन धोके आहेत. धुण्याचे औषध किंवा डिझेल पूर्णपणे निघत नाही. वाटांमध्ये, कोपऱ्यांत थोडे राहतेच, आणि ते नव्या तेलाला पातळ करते. ज्या पातळ द्रवाने पंधरा मिनिटे इंजिन चालवले, त्याचा पापुद्रा बेअरिंगला पुरेसा होता का, हाही प्रश्नच आहे. दुसरे, जुन्या इंजिनातली रबरी सीले कडक झालेली असतात, औषधाने ती झिरपू लागण्याची भीती असते. म्हणून अनेक कारखान्यांच्या पुस्तिका अशा धुलाईची गरज नाही असेच सांगतात. रोगापेक्षा उपाय भयंकर, असे होता कामा नये.

मग माझ्या विद्यार्थ्याने काय केले? त्याने आधी तेल भरायच्या तोंडाचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. आत तपकिरी झाक होती, पण गाळ नव्हता. त्याने पुस्तिकेतले १०डब्ल्यू-३० तेल आणि नवा फिल्टर घातला, औषध घातले नाही. दीड हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदलले. तेवढ्याच अंतराने आणखी एकदा बदलले. चांगल्या तेलात धुण्याची द्रव्ये असतातच, ती सावकाश, थर न फोडता काम करतात. काढलेल्या तेलाचा नमुना त्याने प्रयोगशाळेत पाठवला. तेलात लोखंड, तांबे, शिसे यांचे कण किती, हे तिथे मोजून सांगतात. त्यावरून आत कुठला भाग झिजतो आहे, ते कळते. आपण रक्त तपासून घेतो ना, तसेच. तिसऱ्या खेपेला आकडे समाधानकारक आले. पुरावा कुणाकडे मागायचा, याचे उत्तर त्याला मिळाले होते.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरला प्रयोगशाळा नव्हती. तिथे गावातल्याच दुसऱ्या एका जुन्या फिटरने चेंबर खाली उतरवला, जाळी काढून साफ केली, गाळ हाताने खरवडला, आणि मग पुस्तिकेतले १५डब्ल्यू-४० तेल भरून पन्नास तासांनी पुन्हा बदलले. एक दिवस मोडला, पण पेरणी वेळेवर झाली.

धुलाई कधीच करू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. इंजिनाचे पाणी तेलात मिसळले आणि तेल ताकासारखे पांढरट झाले, किंवा चुकून भलतेच द्रव इंजिनात ओतले गेले, तर आधी मूळ बिघाड दुरुस्त करून आत साफ करावेच लागते. पण तिथेही स्वस्तातले साधे इंजिन तेलच भरून थोडा वेळ चालवणे आणि ते काढून टाकणे हा सौम्य मार्ग आहे. औषध वापरायचेच झाले तर इंजिन आतून बऱ्यापैकी स्वच्छ असेल तेव्हाच, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही अधिक नाही. त्या वेळात गाडी पळवायची नाही आणि इंजिनाचे फेरे वाढवायचे नाहीत.

आता रोजच्या वापरातल्या चार गोष्टी सांगून संपवतो.

पहिली, तेलाची पातळी. स्पोर्ट्स कार वळणावर जोरात वळली की चेंबरातले तेल एका बाजूला जाते. तेल कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. ट्रॅक्टर उतारावर तिरका चालतो तेव्हा हेच घडू शकते. पण खुणेच्या वरही भरू नये. जादा तेल फिरत्या क्रँकला लागून फेसाळते, आणि फेसाला जोर नसतो. अति तेथे माती. पातळी बहुधा सपाट जागी, इंजिन थांबवून, थोड्या वेळाने पाहावी. 'बहुधा' म्हणतो, कारण १९९८ सालापर्यंत बनलेल्या, हवेने थंड होणाऱ्या पोर्श ९११ या गाडीत ती इंजिन तापवून, चालू ठेवूनच पाहावी लागते. तिचे बरेचसे तेल वेगळ्या टाकीत असते. म्हणून पुन्हा तेच सांगतो, पुस्तिका वाचा.

दुसरी, इंजिन तापू द्यावे. मघाच्या एम३ गाडीत फेऱ्यांच्या घड्याळावर पिवळे दिवे होते. तेल गार असताना ते खालच्या आकड्यापासून लागलेले असत, आणि तेल तापेल तसे एकेक विझत. दिवा विझेल तिथवरच फेरे वाढवावे, असा संकेत. आपल्या ट्रॅक्टरला तसे दिवे नाहीत. पण सकाळी सुरू करताच नांगर जमिनीत घालायचा नाही, दोन-तीन मिनिटे हलके चालू द्यायचे, एवढे आपल्याला दिव्यावाचूनही जमेल.

तिसरी, लाल दिवा. तेलाच्या दाबाचा दिवा चालत्या इंजिनात लागला की तिथल्या तिथे इंजिन बंद. तास पुरा करायचा नाही, घर गाठायचे नाही.

चौथी, जुने तेल. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नये. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. अंगाला किंवा गुरांच्या जखमेला तर कधीच लावू नये, जुन्या इंजिन तेलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. डब्यात साठवून, तेल बदलणाऱ्या दुकानामार्फत ते शुद्धीकरणाला जाईल असे पाहावे.

श्रोते हो, इंजिन कितीही तऱ्हेचे असो, त्याच्यासाठी योजलेले तेल, वेळेवर बदललेला फिल्टर आणि तपासलेली पातळी या तीन गोष्टी सांभाळल्या, तर धुलाईची वेळ सहसा येत नाही. घर रोज झाडले तर दिवाळीला भिंती खरवडाव्या लागत नाहीत, हे आपल्या घरातल्या बायाबापड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इंजिनालाही तोच न्याय लावू या. गाडीबरोबर आलेली पुस्तिका कपाटात किंवा माळ्यावर पडली असेल, ती खाली काढा. तुम्हांला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्यातला तेलाचा आकडा चेंबरजवळ किंवा टाकीखाली रंगाने लिहून ठेवा, म्हणजे मिस्त्री कोणीही आला तरी तेल बदलणार नाही.